कॉटर स्ट्रीटवरची रिकामी घरं

ओझेला मेबेन अंगानं उंच, आवाजानं जाड, आणि कुणाचं कौतुक करायची वेळ आली की तिच्या तोंडाला कुलूप लागायचं. आमच्या गिल्गाल बॅप्टिस्ट चर्चमध्ये तिच्या शेजारी बसायला माणसं जरा कचरायची. मी बसायचे. कॉटर स्ट्रीटवर मी तिच्या अगदी समोर राहायचे, तिला घाबरून माझं कसं भागलं असतं?

सेंट लुईसच्या उत्तर भागातला आमचा तो रस्ता. एके काळी दोन्ही बाजूंना लाल विटांची घरं एकमेकांना खेटून उभी होती. मी सांगतेय त्या वर्षापर्यंत निम्म्याहून जास्त ओस पडली होती. माणसं कामामागे दुसऱ्या गावांना गेली, म्हातारी वारली, पोरांनी घरं तशीच सोडून दिली. खिडक्यांना फळ्या, पायऱ्यांतून उगवलेलं गवत, आत मांजरं. ओझेला एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. नवरा क्लेमंट जाऊन बराच काळ लोटला होता, मुलगा टेक्सासमध्ये संसाराला लागला होता. घरी ती एकटीच.

आमच्या पास्टर गेन्सनी चर्चमध्ये 'सोबत' नावाचं काम सुरू केलं होतं. चर्चमधल्या एका मोठ्या माणसानं वस्तीतल्या एका पोराची नाहीतर पोरीची पाठराखण करायची. गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात एकत्र जेवायचं, शाळेचा अभ्यास बघायचा, थोडी प्रार्थना. शनिवारी दोघांनी मिळून घरोघर फिरायचं आणि एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना सूप पोचवायचं. पोरांना कुणाचं तरी काहीतरी करायची सवय लागावी, एवढाच हेतू.

ओझेलाकडे पहिल्यांदा डेमेट्रिक नावाचा मुलगा दिला होता. लाजाळू, गणितात हुशार. एका गुरुवारी जेवताना त्याच्या कोटाखाली तिला पिस्तूल दिसलं. तिनं लगेच पास्टरना सांगितलं, पास्टरनी शाळेला, शाळेनं पोलिसांना. पोरगा त्याच संध्याकाळी घरातून पळाला आणि आठवड्याच्या आत नदीकाठच्या गोदामांमागे मेलेला सापडला. ओझेलानं केलं ते बरोबरच होतं असं सगळ्यांनी तिला सांगितलं. त्यानंतर जवळजवळ वर्षभर ती तळघराची पायरी उतरली नाही. गुरुवारी संध्याकाळी तिच्या घरातून टीव्हीचा आवाज माझ्या घरापर्यंत यायचा.

"तुझी काही चूक नव्हती," असं मी तिला एकदाच म्हणाले.

"ऑलिव्ह, मी चूक म्हणतच नाहीये," ती म्हणाली. "मी घाई म्हणतेय."

डेजा आली ती त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. पास्टरनी ओझेलाला न विचारताच तिचं नाव घालून टाकलं होतं, आणि का कोण जाणे, ओझेला भांडली नाही. डेजा सोळा वर्षांची, काटकुळी, आणि डोळे असे की खोलीत शिरल्या शिरल्या दारं किती आणि खिडक्या किती ते मोजून घेणार. मावशीकडे राहायची. आई कुठे होती ते ती सांगत नसे. मावशी पायानं अधू, त्यामुळे घर चालवायचा तो मावशीचा मुलगा मार्केल.

पहिल्या गुरुवारी मी तळघरात मक्याचा ब्रेड वाढत होते. ओझेला मोठ्या पातेल्यातून पाल्याची भाजी वाढत होती.

"तू डेजा?"

"असं म्हणतात लोक."

"लोकांचं राहू दे. तू काय म्हणतेस?"

"डेजा."

"भाजी खातेस ना?"

"हिरवं काही खात नाही मी."

"मग आज उपाशी जाशील."

डेजानं ताटाकडे बघितलं, मग ओझेलाकडे. "तुम्ही सगळ्यांशी अशाच बोलता का माझ्यासाठी खास?"

"इथं खास कुणासाठी काही नसतं. बस."

ती बसली, आणि भाजी खाल्ली. जाताना पातेल्यात उरलेली डब्यात भरून नेली, "मावशीला आवडते" असं म्हणून. ओझेला मला नंतर म्हणाली, "पोरगी खोटं बोलते, पण पोटाचं खरं बोलते. चालेल."

शनिवारी दोघी निघायच्या. 'गिल्गाल' असं छापलेले निळे शर्ट, हातात सुपाच्या बरण्या. आमच्या भागात फळ्या ठोकलेल्या घरातसुद्धा कुणीतरी राहत असायचं. ज्याला जायला दुसरी जागा नाही असं कुणीतरी. अशी माणसं दार वाजवलं तरी उघडत नाहीत. ओझेला डेजाला शिकवायची. "फळ्यांकडे बघू नकोस. पायऱ्यांकडे बघ, पानं साचलीत का. दाराच्या मुठीला हात लाव, बोटाला धूळ येते का. मागच्या बाजूला ये. कचरा ताजा आहे का जुना? शेगडीचा वास येतोय का?" असं घर सापडलं की पायरीवर बरणी ठेवायची, दारातून दोन शब्द बोलायचे आणि निघायचं.

डेजा हे फार चटकन शिकली. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तीच पुढे पळत जाऊन ओरडायची, "मिस ओझेला, इथं कुणी नाही! इथं आहे! त्या बाजूची तिन्ही रिकामी!" ओझेला तोंडावर काही बोलली नाही, पण माझ्याकडे आली की त्या पोरीच्या नजरेबद्दल सांगत राहायची. इतकं तिला कुणाबद्दल बोलताना मी ऐकलं नव्हतं.

दोन घरांवरून मात्र त्यांचा वाद झाला. एक निळ्या दाराचं. डेजाच्या मते ते रिकामं होतं. ओझेलानं खिडकीतल्या पडद्याकडे बोट दाखवलं. "हा पडदा धुतलेला आहे. आयुष्य धुण्यात गेलंय माझं, मला नको सांगूस. आहे इथं कुणीतरी." दर शनिवारी वर न चढता, खालूनच हात लांबवून पोर्चच्या खांबाआड बरणी ठेवायची ठरलं.

दुसरं घर रस्त्याच्या टोकाचं, एलरॉय ऑस्बीचं. तिथं उलटं झालं. डेजा म्हणाली, "इथं आहे कुणीतरी. पायऱ्यांवर पानं नाहीत."

"वाऱ्यानं गेली असतील," ओझेला म्हणाली. "ऑस्बी केव्हाच गेला इथून. रिकामं आहे हे, पुढं चल."

"पण मिस ओझेला—"

"रिकामं म्हटलं ना एकदा!"

डेजानं मुकाट्यानं ऐकलं. पण ऑस्बी त्या घरात होता. ते घर कागदोपत्री त्याचं राहिलं नव्हतं. बाहेर काढलं तेव्हा तो निघून गेला आणि थोड्या दिवसांनी मागच्या दारानं परत येऊन वरच्या खोलीत राहू लागला. वीज नाही, पाणी नाही, एक पाय निकामी. ओझेला कामावरून येताना त्याला जेवण नेऊन द्यायची. 'कुणाला म्हणून सांगू नकोस' असं त्यानं तिच्याकडून वचन घेतलं होतं, आणि तिनं ते पाळलं. मलासुद्धा तिनं सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबरात पहिलं घर जळलं. रिकाम्या घराला आग लागणं आमच्याकडे नवं नव्हतं, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पण आग विझली त्याच्या दुसऱ्या दिवशी एक पांढरा ट्रक आला. आगीच्या बंबाचं पाणी जोरात बसलं की जुन्या भिंतींतला चुना धुऊन जातो आणि विटा सुट्या होतात. ट्रकवाल्यांनी खिडकीच्या भोकातून लोखंडी दोर घातला आणि भिंत ओढली. ती पत्त्यांच्या बंगल्यासारखी खाली बसली. मग पाच-सहा पोरं छोट्या कुऱ्हाडींनी चुना खरवडून विटा रचत बसली. आमच्या त्या जुन्या लाल विटा दक्षिणेत चांगल्या भावानं विकल्या जायच्या. तिथं लोकांना नवी घरं जुनी दिसायला हवी होती. दोन दिवसांत घराच्या जागी नुसता खड्डा.

मग दुसरं जळलं. मग पलीकडच्या रस्त्यावरची दोन. आमच्या रस्त्यावर धुराचा वास कायमचा मुक्कामाला आला. धुतलेल्या कपड्यांना, उशांना, केसांना. माझ्या घरात चार दाणे तळले तरी मी दचकून खिडकीशी जायचे.

त्यातल्याच एका गुरुवारी मार्केल तळघरात जेवायला आला. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. स्वच्छ कपडे, बोलणं मऊ. त्यानं म्हाताऱ्या बायकांना खुर्च्या ओढून दिल्या. ताट घेऊन ओझेलासमोर थांबला.

"मॅम, डेजा घरी सारखं तुमचंच सांगते."

"काय सांगते?"

"तुमच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणते." तो हसला. "तुमचं घर ते कोपऱ्यापासून चौथं ना? पांढऱ्या पायऱ्यांचं? येताजाता बघतो मी. काय भिंत आहे, मॅम! अशी वीट हल्ली बघायलाही मिळत नाही."

"भिंत आहे कारण आत मी आहे," ओझेला म्हणाली.

"हो, तेच की," तो म्हणाला. "एकट्याच असता ना?"

डेजा शेजारी उभी होती. एरवी एका वाक्याला दोन उत्तरं देणारी पोरगी, ती जमिनीकडे बघत होती. मार्केलनं सगळं ताट संपवलं, रताळ्याच्या गोड पक्वान्नाची तारीफ केली, जाताना पास्टरचा हात हातात घेतला. तो गेल्यावर ओझेलानं त्याचं ताट इतरांच्या ताटांपासून बाजूला ठेवलं. का ते मी विचारलं नाही.

नोव्हेंबरात निळ्या दाराच्या घराच्या दोन्ही बाजूंची घरं जळाली. पुढच्या शनिवारी ओझेला तिथं गेली, आत राहणाऱ्याचं काय झालं बघावं म्हणून. डेजा मागे फाटकाशी चिप्स खात उभी होती. ओझेला पायऱ्या चढून वर गेली आणि खांबाआड तिला आपल्याच बरण्या दिसल्या. ठेवलेल्या सगळ्या तिथंच होत्या, झाकणं घट्ट लावलेली, आतल्या सुपावर बुरशी. तिनं खिडकीशी नाक लावलं. वरची काच फुटलेली होती. पडदा धुतलेला होता खरा, पण पावसानं. आत वर्षानुवर्षं माणूस नव्हतं.

डावीकडे राख, उजवीकडे राख, आणि मधलं हे रिकामं घर शाबूत. त्याला कुणीच हात लावला नव्हता. तिथं माणूस आहे असं या जगात फक्त दोघीजणी मानत होत्या. त्यातली एक स्वतः ओझेला.

ती त्या पायरीवर बसूनच राहिली. डेजानं हाक मारली, "काय झालं, मिस ओझेला?"

"गुडघा धरला," ती म्हणाली. "तू जा घरी. उद्या चर्चनंतर माझ्याकडे जेवायला ये."

तिथून ती सरळ माझ्याकडे आली. कोट न काढता माझ्या स्वयंपाकघरात उभी राहिली आणि सगळं सांगितलं, ऑस्बीचंसुद्धा. "मी तिला हाताला धरून घरोघर हिंडवलं, ऑलिव्ह. कुठलं जाळायचं ते मी दाखवलंय."

"पास्टरना सांग. आत्ता फोन कर."

"डेमेट्रिकच्या वेळी केला होता फोन."

"अगं, पण ऑस्बी?"

"त्याच्याकडेच चाललेय."

ऑस्बी काही हलला नाही. अंथरुणावर बसूनच म्हणाला, "माझं घर आहे हे. मी का जाऊ?"

"मी त्या पोरीला सांगितलंय की हे रिकामं आहे, एलरॉय."

"मग आता सांग तिला की भरलेलं आहे."

रविवारी चर्चमध्ये डेजा आमच्या मागच्या बाकावर होती. गाणी चालू असताना ती तोंड हलवत होती, पण आवाज येत नव्हता. नंतर ओझेलाच्या टेबलावर काय बोलणं झालं ते मला दोघींनीही वेगवेगळ्या वेळी सांगितलं, आणि दोघींचं सांगणं जुळलं.

ओझेलानं वाढलं, प्रार्थना म्हटली आणि विचारलं, "मार्केलला घरं तू सांगतेस का?"

"कसली घरं?"

"डेजा."

"बाई गं! मार्केल काय मला विचारून कामं करतो? मी कोण त्याची, साहेब?"

"निळ्या दाराचं घर रिकामं निघालं. मी चुकले होते. तुझं बरोबर होतं."

डेजाच्या हातातला काटा थांबला. ओझेलानं स्वतःच्या ताटात भाजी वाढून घेतली. वाट बघत बसली. शेवटी पोरगी फणकारली. "रिकामीच होती ना सगळी! कुणाचं काय गेलं? तशीही पडणारच होती. आणि तुम्हाला काय वाटतं, मी नाही सांगितलं असतं तर? त्यानं नुसती काडी टाकली असती, आत कोण आहे न बघता. मी सांगते म्हणून निदान माणसं वाचतात. तुम्हीच शिकवलंत ना बघायला?"

"हो, मी शिकवलं," ओझेला म्हणाली. "आणि एका घराचं मी तुला खोटं सांगितलं. टोकाच्या. तिथं एलरॉय ऑस्बी राहतो, वरच्या खोलीत. त्याला जिना उतरता येत नाही."

डेजा खुर्ची मागे सारून उभी राहिली. "तुम्ही म्हणालात रिकामं आहे. मी पानांचं सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात—"

"मी म्हणाले होते."

"आज आहे ते," डेजा म्हणाली. "रविवारी दुपारी. सगळे जेवायला बसलेले असतात म्हणून."

मी माझ्या खिडकीतून बघितलं तेव्हा दोघी रस्त्यातून पळत होत्या, अंगात कोट नाहीत. ओझेलाला पळताना मी आधी कधी बघितलं नव्हतं. मी गॅस बंद केला आणि मागे धावले.

ऑस्बीच्या घरामागच्या बोळात पांढरा ट्रक उभा होता. मार्केल मागच्या दाराशी होता, हातात डबा. आजूबाजूला पेट्रोलचा वास. लाकडी जिना ओला झालेला होता. ट्रकमध्ये आणखी एक जण होता, त्यानं आम्हाला बघून तोंड वळवलं. लख्ख ऊन पडलं होतं. पलीकडच्या घरात कुणाच्या तरी टीव्हीवर फुटबॉलचा सामना चालू होता.

ओझेला धापा टाकत त्या ओल्या जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसली आणि वर तोंड करून ओरडली, "एलरॉय! खिडकीत ये!"

मग वरची फळी सरकली आणि पांढरी दाढी दिसली. "काय गं आरडाओरडा?"

मार्केलनं वर बघितलं. त्यानं डबा हळूच खाली ठेवला, झाकण शोधलं आणि लावलं. मग ओझेलाला म्हणाला, "मॅम, हे आधी सांगायला हवं होतं."

तो एवढंच बोलला, आणि तेही रागानं नाही. त्याच्या आवाजातला मऊपणा तसाच होता. मग त्याचं लक्ष डेजाकडे गेलं. "चल. आई जेवायची थांबलीय."

ओझेलानं डेजाचं मनगट धरलं. "तू इथंच थांब."

डेजा खाली वाकली आणि तिच्या कानाशी म्हणाली, "मी गेले नाही तर तो इथंच थांबेल, मिस ओझेला." मग तिनं ओझेलाची बोटं एकेक करून सोडवली आणि ट्रकमध्ये जाऊन बसली. ट्रक बोळातून सावकाश निघून गेला.

ऑस्बीला आम्ही दोघींनी त्याच दुपारी खाली उतरवलं, शिव्या देत देत. तो आम्हाला आणि आम्ही त्याला. ओझेलानं त्याला आपल्या घरी पुढच्या खोलीत ठेवलं. चर्चमध्ये कुजबुज सुरू झाली. मिसेस टालबर्टनं तर तोंडावरच विचारलं, "सिस्टर मेबेन, घरात पुरुष ठेवलात म्हणे?"

"ठेवलाय. घोरतो. अजून काही?"

त्या हसण्यात दोन दिवस बरे गेले. पण गुरुवारी डेजा आली नाही. शाळेतही नव्हती. ओझेला मावशीच्या घरी गेली तर दार उघडलं नाही. तिनं पायऱ्या बघितल्या, मूठ बघितली. आत माणसं होती. पास्टरना तिनं आता सगळं सांगितलं होतं. ते आग खात्याच्या तपास अधिकाऱ्याकडे जाऊन आले. तो म्हणाला, डबा हातात बघितला म्हणता, पण आग तर लागली नाही. पोरीनं सांगितलं तर काहीतरी होईल.

थोड्या दिवसांनी ऑस्बीचं घर जळालं. भर दुपारी. तो ओझेलाच्या खिडकीतून बघत बसला, खुर्चीचे हात धरून. मग ओझेलाच्या शेजारचं रिकामं घर जळालं. बंबवाल्यांनी तिची भिंत पाण्यानं भिजत ठेवली म्हणून ती वाचली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या भिंती ओढल्या तेव्हा तिच्या कपाटातल्या बश्या वाजत होत्या. मी तिला म्हटलं, माझ्याकडे येऊन राहा. ती म्हणाली, "मी आले की ते रिकामं होईल ना गं."

डिसेंबरात एका सकाळी रात्रपाळी सुटल्यावर ती धुलाईखान्याच्या फाटकाबाहेर आली तर डेजा उभी होती. हातात शाळेची पिशवी, भुवईवर सुकलेली जखम.

"तुमच्या घराचं बोलणं चाललंय," ती म्हणाली. "मी म्हटलं आत दोन म्हातारी माणसं आहेत. तो म्हणाला, कायमची थोडीच असतात."

ओझेलानं तिला उपाहारगृहात नेलं आणि पुढ्यात अंडी ठेवली. नंतर हे ऐकताना मला वाटलं, तिनं लगेच पास्टरना फोन केला असेल. नाही केला. तिनं पोरीला विचारलं, "तुला काय करायचंय?"

डेजानं अंडी गार होऊ दिली. मग म्हणाली, "सांगितलं तर मला इथं राहता येणार नाही."

"नाही येणार."

"आणि मावशीकडे कोण बघणार?"

"ते मला माहीत नाही, बेबी. खोटं नाही सांगणार मी तुला."

डेजानं सांगितलं. पास्टर एका बाजूला, ओझेला दुसऱ्या बाजूला, आणि अधिकाऱ्यासमोर ती जे जे माहीत होतं ते बोलली, स्वतःचंही वगळलं नाही. ती अल्पवयीन, स्वतःहून पुढे आलेली. तिच्यावर नजर ठेवायचं काम मेम्फिसच्या अधिकाऱ्यांकडे सोपवलं गेलं, कारण ओझेलाची बहीण लूसिल तिथं राहायची आणि तिला ठेवून घ्यायला तयार होती. बस सुटेपर्यंत ओझेला स्थानकावर उभी होती. बस निघाली तेव्हा डेजानं खिडकीतून हात केला नाही. ती रस्त्यावरच्या गाड्या बघत होती.

मार्केलला नाताळाआधी पकडलं. वसंतात खटला उभा राहिला तेव्हा त्यानं गुन्हा कबूल केला आणि त्याला काही वर्षांची शिक्षा झाली. कोर्टाच्या बाहेर त्याची आई भिंतीला धरून उभी होती. ओझेला तिच्याकडे गेली. ती बाई म्हणाली, "तुमच्या चर्चनं माझा मुलगा घेतला आणि भाचीही घेतली. आता मला सूप आणून द्या." पुढच्या शनिवारी ओझेला बरणी घेऊन तिच्याकडे गेली. दार उघडलं गेलं नाही. तिनं जाणं थांबवलं नाही, आणि बऱ्याच महिन्यांनी त्या बाईनं दार उघडून बरणी आत घेतली. बोलली मात्र नाही, कधीच.

ऑस्बी त्याच हिवाळ्याच्या शेवटी गेला, झोपेत. फुप्फुसं आधीपासूनच खराब होती. डेजानं फोनवर त्याच्याबद्दल विचारलं तेव्हा ओझेलानं सांगून टाकलं. मग डेजा म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही 'तो बरा आहे' म्हणाल." ती आता तिकडं वृद्धाश्रमात काम करते. सेंट लुईसला ती एकदाही आलेली नाही.

मी नंतर शहराबाहेर मुलाकडे राहायला गेले. ओझेला तिथंच आहे. कॉटर स्ट्रीटवर आता बहुतेक गवतच आहे. तिच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा, मधे तिचं घर. 'सोबत'मध्ये तिच्याकडे आता दोन भाऊ आहेत, भांडखोर. पण शनिवारच्या घरोघर फेऱ्या चर्चनं बंद केल्या.

मार्केल सुटून आला आहे. कुठल्या तरी गॅरेजमध्ये काम करतो म्हणे. दर दोन-चार महिन्यांनी तो ओझेलाच्या घरासमोर गाडी थांबवतो, उतरतो, पायऱ्यांपर्यंत येतो आणि टोपी काढून विचारतो, "मॅम, डेजाचा पत्ता मिळेल का? घरचीच आहे ती."

ती म्हणते, "नाही."

तो म्हणतो, "ठीक आहे, मॅम." आणि घराच्या भिंतीकडे जरा बघून निघून जातो.

मागच्या खेपेला मी गेले होते तेव्हा थंडी चांगलीच पडली होती, तरी ओझेला बाहेर पोर्चमध्येच बसलेली, मांडीवर घोंगडी. मी म्हटलं, "अगं, आत चल, गारठशील. भीती नाही वाटत तुला त्याची?"

"वाटते ना," ती म्हणाली. "म्हणून तर बाहेर बसते. आत बसलं की तो कुठवर आलाय ते कळत नाही."

मग तिनं माझ्यासाठी दुसरी खुर्ची ओढली.